देवळाचे उत्पन्न, चर्चचे उत्पन्न: साष्टीतल्या तीर्थांची कथा

१५८९ सालच्या मे महिन्यात फ्रान्सिस ड्रेकचे इंग्रजी आरमार स्पेनच्या वायव्य टोकाला, ला कोरुन्या बंदरावर येऊन धडकले. तिथून दोन-तीन मजलांवर सांतियागो दे कोम्पोस्तेला हे शहर होते. येशूचा शिष्य संत याकोब याची समाधी इथे नवव्या शतकात सापडली, अशी श्रद्धा. आणि त्या श्रद्धेपायी फ्रान्स, जर्मनी, इटलीतून माणसे महिनोन् महिने चालत इथे येत. जेरुसलेम आणि रोम यांच्या जोडीने ख्रिस्ती जगात या यात्रेचे नाव घेतले जाई. इंग्रज येणार या धास्तीने आर्चबिशप हुआन दे सानक्लेमेंते याने संताच्या अस्थी कॅथीड्रलमध्येच कुठेतरी लपवल्या. त्या इतक्या बेमालूम लपल्या की पुढे जवळजवळ तीनशे वर्षे कुणालाच सापडल्या नाहीत. १८७९ मध्ये खणताना काही अस्थी हाती लागल्या आणि १८८४ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी त्या संताच्याच असल्याचे जाहीर केले.

१५८९ मध्ये स्पेनच्या गादीवर दुसरा फिलिप होता. १५८० मध्ये पोर्तुगालची गादी रिकामी झाल्यावर त्याने तीही घेतली होती, त्यामुळे मुंबईच्या उत्तरेचे साष्टी बेट, म्हणजे आजची वांद्र्यापासून दहिसरपर्यंतची आणि पलीकडे कुर्ल्यापासून ठाण्यापर्यंतची सगळी उपनगरे, त्याच्याच राज्यात मोडत होती. सांतियागोत संताच्या अस्थी लपवल्या गेल्या तेव्हा बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर लेण्यातला शिव गिलाव्याखाली गेलेला होता. लेण्याचे चर्च झाले होते आणि लेण्याच्या माथ्यावर फ्रान्सिस्कन पाद्र्यांचा मठ उभा होता. एकाच राजाच्या राज्यात एका तीर्थाचे दैवत वाचवण्यासाठी झाकले होते, दुसऱ्याचे पुसण्यासाठी.

साष्टीच्या दोन हजार वर्षांच्या इतिहासात असे फेरे अनेकदा आले. बौद्ध विहार ओस पडले, शैव लेण्यांत मिस्सा झाल्या, चर्चे पडली, नवी देवळे उठली. हा इतिहास सहसा धर्मांच्या झगड्याचा म्हणून सांगितला जातो, आणि झगडा होताच. पण कोणते तीर्थ टिकले आणि कोणते उजाड झाले, हे बघायला गेले की दर वेळी दोन साधे प्रश्न पुढे येतात: तिथल्या दिव्याला तेल कुठल्या उत्पन्नातून येत होते? आणि माणसे तिथपर्यंत कुठल्या वाटेने पोहोचत होती?

कान्हेरीचे देणगीदार

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आज आपण कान्हेरी बघायला जातो तेव्हा ती जगापासून दूर, जंगलात दडलेली वाटते. ती कोरली गेली त्या काळी ती व्यापाराच्या ऐन मध्यावर होती. उत्तरेला सोपारा, पूर्वेला खाडीवर कल्याण, दक्षिणेला चौल. घाटावरून उतरणारा माल आणि समुद्रावरून येणारी गलबते यांच्यामध्ये हा डोंगर होता. पावसाळ्यात मार्ग बंद झाले की भिक्षू वर्षावासासाठी डोंगरात थांबत, आणि पाऊस संपला की त्याच वाटांनी बाहेर पडत.

इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांपासून जवळजवळ हजार वर्षे इथे खोदकाम आणि वस्ती चालू राहिली. शंभराहून अधिक लेणी, प्रत्येकापाशी पावसाचे पाणी साठवणारी टाकी, डोंगरउतारावर कोरलेले पाट आणि पायऱ्या हे सगळे एका राजाने बांधलेले नाही. क्रमांक तीनचा मोठा चैत्य सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळात दोन व्यापारी भावांनी करवला. भिंतींवरच्या लेखांत कल्याण, सोपारा, नाशिक, चौल इथले व्यापारी, सोनार, लोहार आपापले दान नोंदवतात. कुणी एक टाके दिले, कुणी एक खोली, कुणी एक बसायचा कट्टा.

या लेखांत अक्षयनिधीचा उल्लेख वारंवार येतो. रक्कम श्रेणीकडे, म्हणजे व्यापारी-कारागिरांच्या संघाकडे, ठेवायची, मुद्दलाला हात लावायचा नाही, आणि व्याजातून भिक्षूंना पावसाळ्यात वस्त्रे द्यायची, अशी ही ठेव असे. एका लेखात आजच्या मागाठाण्यातल्या शेताचे उत्पन्न कान्हेरीला दिल्याची नोंद आहे. बोरिवली पूर्वेच्या त्या जमिनीवर आता इमारती आणि मेट्रोचे स्थानक आहे. त्या काळी तिथले धान्य डोंगरावरच्या विहारासाठी पिकत होते.

यात्रेकरू लांबलांबून येत. चैत्यासमोरच्या एका स्तूपात १८३९ मध्ये सापडलेला ताम्रपट त्रैकूटक संवत २४५ चा, म्हणजे इसवी सन ४९४-९५ चा आहे. स्तूप बांधणारा बुद्धरुची सिंधमधून आलेला होता. नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष आणि त्याचे मांडलिक शिलाहार राजे यांच्या काळात गौड देशाचा, म्हणजे बंगालचा, गोमिन अविघ्नाकर हा उपासक इथे आला आणि त्याने शंभर द्रम्म नाण्यांची कायम ठेव ठेवली. १००९ आणि १०२१ मध्ये इथे आलेल्या पारशी मंडळींनी लेणे क्रमांक ९० मध्ये आपली नावे पहलवी लिपीत कोरून ठेवली. बौद्ध विहारात हे पाहुणे पूजेला आले नसावेत, प्रेक्षणीय स्थळ बघायलाच आले असावेत. मुंबईच्या उपनगरातली पर्यटनाची ही एक अगदी जुनी लेखी नोंद म्हणायला हरकत नाही.

पुढे व्यापाराची घडी बदलली, सोपाऱ्याचे महत्त्व गेले, श्रेणी मोडल्या आणि राजाश्रय शैव व वैष्णव देवळांकडे वळला. कान्हेरीवर कुणी हल्ला करून ती रिकामी केली, असा पुरावा नाही. ठेवी आटल्या आणि विहार ओस पडला. पाण्याची टाकी मात्र दर पावसाळ्यात भरत राहिली. त्यामुळे पुढची कित्येक शतके एखाददुसरा जोगी, गोसावी तिथे मुक्काम करून राहू शकला.

मंडपेश्वरचे जोगी आणि वसईचा तह

सहाव्या ते आठव्या शतकांच्या दरम्यान साष्टीत शैव पंथाने जोर धरला होता. जोगेश्वरीचे भव्य लेणे याच लाटेतले. दहिसर नदीच्या काठच्या एका बसक्या खडकात मंडपेश्वर कोरले गेले: खांबांचा मंडप, मागे गाभारा, बाजूच्या दालनांत नृत्य करणारा शिव, शिवपार्वतीचे लग्न, योगासनात बसलेला शिव. कान्हेरीसारखे ते डोंगरात उंचावर नाही. नदीपासून, शेतांपासून चार पावलांवर आहे. तिथे जोग्यांची वस्ती होती आणि देवाच्या नावे जमिनी होत्या.

गुजरातचा सुलतान बहादूरशाह १५३४ मध्ये मोगल बादशाह हुमायूनच्या स्वारीने घेरला गेला. पोर्तुगीजांशी वैर ठेवून दोन आघाड्या सांभाळणे त्याला परवडणारे नव्हते. २३ डिसेंबर १५३४ रोजी त्याने गव्हर्नर नुनो द कुन्याशी तह केला आणि वसई, तिच्या ताब्यातली साष्टी, मुंबईची बेटे हा सगळा मुलूख पोर्तुगीजांना देऊन टाकला. इथल्या एकाही गावाला त्याबद्दल विचारले गेले नाही. बहादूरशाहचे राज्य वाचले. साष्टीच्या लोकांच्या नशिबी मात्र पुढची दोनशे वर्षे आली.

पोर्तुगीज राजाने धर्मप्रसाराची जबाबदारी पाद्र्यांच्या संघांवर टाकली. साष्टीच्या उत्तर भागात फ्रान्सिस्कन आले, आणि त्यांचा म्होरक्या होता अंतोनियो दो पोर्तो. त्याच्याबद्दलची बरीच हकिकत दियोगो द कोउतोच्या इतिहासात मिळते. कोउतो १५५९ पासून हिंदुस्थानात होता आणि पुढे गोव्याच्या दफ्तराचा प्रमुख झाला. कान्हेरीचे एक भुयार थेट खंबायतपर्यंत जाते, अशी स्थानिक समजूत होती. कोउतो सांगतो की या पाद्र्याने तिचा छडा लावायचे ठरवले. माणसे, दिवे, दोर आणि शिधा घेऊन तो आत शिरला, सात दिवस चालत राहिला, शेवट काही लागला नाही आणि शिधा संपत आल्यावर परत फिरला. सात दिवसांचा आकडा कितपत धरायचा हे वाचकाने ठरवावे. पण नव्या राज्यकर्त्यांना या डोंगराने किती बुचकळ्यात टाकले होते, हे त्यातून कळते.

कान्हेरीचा मोठा चैत्य संत मायकेलच्या नावाने चर्च झाला. फ्रान्सिस्कन नोंदींनुसार तिथल्या एका नामांकित जोग्याने बाप्तिस्मा घेतला आणि त्याचे नाव पाउलो रपोझो ठेवले गेले. मंडपेश्वरला मात्र पाद्र्यांनी कायमचे बस्तान बसवले. लेण्यातल्या मूर्ती भिंती घालून आणि गिलावा देऊन झाकल्या गेल्या. मंडप मिस्सेसाठी मोकळा झाला. एके ठिकाणी खडकातली जुनी शिल्पे तासून तिथे मोठा क्रूस कोरला गेला; तो आजही दिसतो. माथ्यावर दगडी मठ, चर्च आणि नवख्रिस्ती मुलांसाठी शाळा उभी राहिली.

हे सगळे चालायला पैसा लागणार होता, आणि तो लिस्बनहून यायचा नव्हता. अंतोनियो दो पोर्तोने मागणी केली आणि राजा तिसरा जुआंव याने देवळाच्या जमिनींचे उत्पन्न चर्चच्या नावे करून दिले. सोळाव्या शतकाच्या मध्यावरची ही सही माझ्या मते गिलाव्यापेक्षा जास्त निर्णायक होती. गिलावा खरवडता येतो. पण शेत दुसऱ्याच्या खात्यावर चढले की पुजारी, गुरव, वाजंत्री, उत्सव आणि प्रसाद सगळेच एका हंगामात थांबते. कुळ तेच, भात तेच. खळ्यावरून गाडी मात्र दुसऱ्या दाराशी जाऊ लागली.

ही पद्धत पोर्तुगीजांनी युरोपातूनच आणली होती, असेही म्हणता येईल. सांतियागोचे कॅथीड्रल ज्या वैभवात उभे होते त्याच्या मुळाशी ‘व्होतो दे सांतियागो’ नावाची धान्यपट्टी होती. स्पेनच्या मोठ्या भागातले शेतकरी संताच्या नावाने ती शतकानुशतके भरत. १८१२ मध्ये काडिसच्या संसदेने ती प्रथम रद्द केली. संताचा चमत्कार लोकांना ओढून आणत होता, पण पट्टी नसती तर त्यांच्यासाठी धर्मशाळा आणि इस्पितळे चालली नसती.

एकाच मुकुटाखाली

१५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, सुरू झाले. १५६७ च्या गोव्याच्या धर्मपरिषदेनंतर पोर्तुगीज मुलखात हिंदू उत्सव, विधी आणि देवळे यांवरचे निर्बंध आणखी कडक झाले. या जाचातून ख्रिस्ती विद्वानही सुटले नाहीत. गार्सिया द ओर्ता हा स्पॅनिश ज्यू वंशाचा, सालामांका आणि अल्काला इथे शिकलेला वैद्य. त्याने मुंबई बेट राजाकडून पट्ट्याने घेतले होते. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या वनौषधींवरच्या ग्रंथात त्याने घारापुरी आणि साष्टीतल्या लेण्यांचीही दखल घेतली. मृत्यूनंतर तो छुपा ज्यू असल्याचा ठपका ठेवून १५८० मध्ये त्याच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या. सांतियागोत हाडे जपून ठेवणारे चर्च गोव्यात हाडे जाळतही होते.

१५८० ते १६४० या साठ वर्षांत स्पेन आणि पोर्तुगाल एका मुकुटाखाली होते, आणि साष्टीतली बरीच चर्चे याच सुमारास उभी राहिली. दक्षिण आणि मध्य साष्टीत जेझुइट संघाचे पाद्री आघाडीवर होते. अंधेरीजवळच्या कोंदिवटे गावात त्यांनी १५७९ मध्ये संत योहान बाप्तिस्त याचे चर्च बांधले. त्याच गावाच्या टेकडीत, आज महाकाली म्हणून ओळखली जाणारी बौद्ध लेणी आधीपासून होती. वांद्र्याला त्यांनी चर्च आणि पुढे कॉलेज काढले. कोळी आणि शेतकरी कुटुंबांचे मोठे धर्मांतर याच भागात झाले. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया याच काळात मनिलाला जाऊन स्पॅनिश फ्रान्सिस्कनांचा सहकारी झाला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत इतर पंचवीस जणांबरोबर त्याला क्रूसावर मारण्यात आले. १८६२ मध्ये तो संत म्हणून घोषित झाला. वसईत त्याचा सण आजही साजरा होतो.

सतराव्या शतकात साष्टी हे भाताचे कोठार होते आणि धर्मसंघ तिथले मोठे जमीनदार. १६७५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर इथून फिरला. वांद्र्याच्या जेझुइटांचे तोफा बसवलेले कॉलेज त्याने पाहिले आणि कान्हेरीला जाऊन खडकात कोरलेले अख्खे नगर पाहून तो थक्क झाला. १६९५ मध्ये आलेला जेमेल्ली कारेरी हा नेपल्सचा वकील, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने स्पेनच्या राजाचा प्रजाजन. त्याने कान्हेरीचे खांब, स्तूप, मूर्ती यांचे इतके बारकाईने वर्णन केले की युरोपात अनेकांनी हे डोंगर पहिल्यांदा त्याच्या पुस्तकातच पाहिले. हे प्रवासी लेण्यांत देव बघत नव्हते, कारागिरी बघत होते. तीर्थाचे प्रेक्षणीय स्थळ व्हायला तेव्हाच सुरुवात झाली होती.

१७३७ ते १७३९

दोनशे वर्षांत पोर्तुगीज सत्ता आतून पोकळ झाली. आरमार डचांनी मोडले, मुंबई बेट १६६१ च्या विवाहकरारात इंग्रजांना गेले, आणि वसईच्या मुलखात फौजेपेक्षा मठांची संख्या डोळ्यांत भरू लागली. करांचा बोजा आणि धर्माचा जाच यांनी गांजलेले इथले वतनदार पुण्याकडे खेटे घालू लागले. अंजूरचे गंगाजी नाईक आणि मालाडचे अंताजी रघुनाथ ही त्यातली ठळक नावे. मोहिमेआधीची हेरगिरी, वाटाड्ये आणि फितुरीची जुळवाजुळव याच मंडळींनी केली. पेशवा बाजीरावाचा भाऊ चिमाजी अप्पा मार्च १७३७ च्या अखेरीस साष्टीत उतरला तेव्हा ठाण्याचा किल्ला अर्धवट बांधलेला होता. तो लगेच पडला. १७३९ च्या सुरुवातीला वेसाव्याचा किल्ला पडला. फेब्रुवारीपासून वसईला वेढा पडला, सुरुंगांनी तट उडवले गेले, दोन्हीकडची हजारो माणसे कामी आली आणि मे महिन्यात वसईने शरणागती पत्करली.

साष्टीतल्या तीर्थांवर याचे तीन परिणाम झाले.

पहिला, युरोपीय पाद्री गेले आणि मठांच्या जमिनी गेल्या. मंडपेश्वरचा मठ आणि शाळा यांना पोसणारे उत्पन्न तुटले, माथ्यावरची वास्तू ढासळू लागली आणि खालच्या लेण्यात शिवाची पूजा परत आली. दोनशे वर्षांपूर्वी जोग्यांचे जे झाले, तेच आता फ्रान्सिस्कनांचे झाले. वसईच्या चर्चांतल्या घंटा मराठ्यांनी विजयचिन्हे म्हणून देवळांना दिल्या. भीमाशंकरची घंटा आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा त्यांपैकीच.

दुसरा, साष्टीतले ख्रिस्ती इथेच राहिले. ते कोळी, आगरी, कुणबी, पाचकळशी अशा इथल्याच जातींतले, मराठी बोलणारे लोक होते, जायचे कुठे? मराठ्यांनी त्यांना पूजेची मोकळीक दिली आणि गोव्याकडचे देशी पाद्री त्यांची चर्चे सांभाळू लागले. मठांचा थाट गेला, पण गावची चर्चे गावकऱ्यांच्या वर्गणीवर आणि श्रमावर जगली. याच समाजाने पुढे १८८७ मध्ये स्वतःसाठी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले.

तिसरा, नव्या सत्तेनेही जुन्याच पद्धतीने तीर्थ उभे केले. वसई जिंकली तर देवीचे देऊळ बांधीन, असा नवस चिमाजी अप्पाने वज्रेश्वरीला केला होता. विजयानंतर ते किल्ल्यासारखे दगडी देऊळ बांधले गेले आणि त्याच्या खर्चाची नेमणूक झाली. श्रद्धा खरी होती, आणि तिला टिकवायला उत्पन्न लागते हे पेशव्यांनाही पक्के ठाऊक होते.

नवसाच्या मेणबत्त्या

वांद्र्याच्या टेकडीवरच्या मोत माउलीची, म्हणजे माउंट मेरीची, गोष्ट या सगळ्याहून वेगळी आहे. जेझुइटांनी सतराव्या शतकात बांधलेले तिथले छोटे प्रार्थनास्थळ मराठ्यांच्या स्वारीच्या धामधुमीत उद्ध्वस्त झाले. मराठ्यांच्या हाती लागू नये म्हणून वांद्र्याचा किल्ला आणि जेझुइटांचे कॉलेजही पाडून टाकण्यात आले. माउलीची मूर्ती माहीमला हलवली होती आणि १७६१ मध्ये ती परत आणली, असे सांगतात. समुद्रात कोळ्याच्या जाळ्यात मूर्ती सापडल्याचीही कथा आहे. म्हणजे मधल्या वीस-बावीस वर्षांत ना राजा होता, ना मठ, ना इनाम. तरीही देवस्थान परत उभे राहिले, कारण त्याचे उत्पन्न कधीच एका शेतावर बेतलेले नव्हते. ते नवसावर चालत होते, आणि नवस बोलणाऱ्यांत कोळी होते, हिंदू होते, पारशी होते.

२८ डिसेंबर १७७४ रोजी इंग्रजांनी ठाणे घेतले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी कायमची त्यांची झाली. कंपनी सरकारला चर्चे उभारण्यात रस नव्हता, देवळे पाडण्यातही नव्हता. त्या काळात तीर्थांचे भवितव्य वाटांनी ठरवले. १८४५ मध्ये लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाई यांनी दिलेल्या १,५७,००० रुपयांतून माहीमचा कॉजवे खुला झाला आणि वांद्रे शहराला जोडले गेले. १८६७ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरची लोकल सुरू झाली. मोत माउलीच्या टेकडीवर १९०४ मध्ये आजचे दगडी चर्च बांधले गेले, त्याचे वास्तुकार शापूरजी चांदाभॉय हे पारशी होते. १९५४ मध्ये त्याला बॅसिलिकेचा दर्जा मिळाला. दर सप्टेंबरमध्ये आठवडाभर भरणाऱ्या वांद्र्याच्या जत्रेत आजही हात, पाय, घर, बाळ अशा आकारांच्या मेणबत्त्या विकल्या जातात, आणि त्या घेणारे निम्मेअधिक लोक ख्रिस्ती नसावेत.

कोंदिवट्याचे दैव उलटे. १८४० मध्ये साथ आली, गावकऱ्यांनी जागा सोडली आणि वस्तीबरोबर चर्चही मरोळला हलले. १५७९ चे चर्च छपराविना उभे राहिले. १९७३ मध्ये त्याच्या अवतीभवती सीप्झ हे निर्यात क्षेत्र वसले, आणि आता दागिने आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्या इमारतींच्या कुंपणाआड त्याची कमान झाडांत दिसते. तिथे जायला परवानगी लागते. वर्षातून एकदा मिस्सा होते तेव्हा आसपासच्या गावठाणांतली जुनी घराणी तिथे जमतात.

आजचा हिशेब

सांतियागोकडे परत वळलो तर एक गोष्ट नजरेत भरते. विसाव्या शतकात ती यात्रा जवळजवळ संपली होती. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाकाठी मोजकेच लोक पायी पोहोचत. १९८४ मध्ये एलियास वालिन्या या खेड्यातल्या पाद्र्याने वाटेवर पिवळ्या रंगाचे बाण रंगवायला घेतले. गावोगावी उतरायची सोय झाली, १९८५ मध्ये शहराला आणि १९९३ मध्ये वाटेला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. २०२३ मध्ये चार लाखांहून अधिक लोकांनी ती यात्रा पुरी केल्याचे प्रमाणपत्र घेतले. नवा चमत्कार झाला नव्हता. वाट सापडेल आणि रात्री निवारा मिळेल, एवढी सोय झाली होती.

साष्टीतही यात्रा संपलेल्या नाहीत. महाशिवरात्रीला मंडपेश्वरपुढे रांग लागते, आणि त्याच दिवशी कान्हेरीच्या डोंगरावरही एवढी गर्दी लोटते की बेस्टला जादा गाड्या सोडाव्या लागतात. जोगेश्वरीच्या देवीपुढे रोज दिवा लागतो. गोराईला खाडीपलीकडे ८ फेब्रुवारी २००९ रोजी विपश्यना पॅगोडा खुला झाला, आणि ओस पडलेल्या कान्हेरीच्या पश्चिमेला बौद्ध यात्रा नव्या रूपात परतली. २ एप्रिल २०२२ रोजी सुरू झालेल्या मेट्रोच्या दोन मार्गांवर मंडपेश्वर आणि मागाठाणे ही स्थानके एकाच दिवशी उघडली. वाट अशी पूर्वी कधीच नव्हती.

उत्पन्नाची बाजू मात्र लंगडी आहे. कान्हेरी आणि मंडपेश्वरची देखभाल पुरातत्त्व खाते करते, म्हणून ती उभी तरी आहेत. मागाठाण्याची बौद्ध लेणी घरांच्या गर्दीत बुजत चालली आहेत आणि बहुतेक प्रवासी त्या नावाच्या स्थानकावर उतरून लेणी आहेत हे न कळताच पुढे जातात. जोगेश्वरीच्या लेण्याला चारी बाजूंनी वस्तीने वेढले आहे. इथे कुणाचा धर्म आड आलेला नाही. या जागांच्या नावे आता कुणाची ठेव नाही, एवढेच कारण आहे.

सातवाहन काळातल्या सोनार-लोहारांना जे सुचले ते आजच्या बोरिवली-अंधेरीच्या गृहसंस्थांना, शाळांना आणि नगरसेवकांना न सुचण्यासारखे नाही. स्थानकापासून लेण्यापर्यंत नीट फलक, वेळच्या वेळी साफसफाई, शाळेच्या मुलांची वर्षातून एक सहल आणि कुंपणापर्यंत आलेल्या बांधकामाविरुद्ध एक तक्रार: अक्षयनिधी याहून फार मोठा असावा लागत नाही. पुढच्या रविवारी मंडपेश्वरला उतरा. गिलाव्याखालून परत आलेला शिव, त्याच खडकातला क्रूस आणि वरच्या मठाची भिंत एका फेरीत बघून होतील. या तिन्हींपैकी एकालाही आज वैरी उरलेला नाही. उरली आहे ती फक्त हयगय, आणि तिचा बंदोबस्त आपल्या हातात आहे.